हुजऱ्यात पोचलेला आवाज

पायाखालची वाळू अजून रात्रीची गार आहे. साल 1958 धरा. पेशावरहून बरंच दक्षिणेला, लक्की मरवतच्या मुलखात तुम्ही उभे आहात. कुर्रम आणि गंबीला या दोन नद्या इथल्या रेताड माळातून वाहतात. पाऊस झाला तर हरभरा पिकतो, नाही झाला तर नुसता वारा. झाऊच्या झुडपांपलीकडे शेळीच्या केसांनी विणलेले काळे तंबू दिसतात. उंट बसले आहेत, कुत्री तुमच्या वासावर उठली आहेत. पश्तो येत नसली तरी एवढं म्हणा: ‘स्तडे मशे’, थकू नका. तंबूतून उत्तर येईल, ‘ख्वार मशे’, हालात पडू नका. मग कुत्री आवरली जातील आणि गुळाचा चहा पुढे येईल.

चहा देणाऱ्या बाईच्या कपाळावर आणि हनुवटीवर हिरवं गोंदण आहे. तिने तोंड झाकलेलं नाही. तंबू उभारायचे, ओझी बांधायची, उंट हाकायचे, त्यात बुरखा कुठे बसवणार? असा मोकळेपणा गावात पक्कं घर असलेल्या पश्तून बाईच्या वाट्याला येत नाही. आणि त्या घरातल्या बाईला मिळणारी इभ्रत या बाईच्या वाट्याला येत नाही. हा सौदा ध्यानात ठेवा. पुढचं बरंचसं त्यातूनच निघणार आहे.

हे लोक थंडीत मैदानात उतरतात, उन्हाळ्यात डोंगराकडे निघतात. टेकाडाआड सरपण गोळा करणारी बारा वर्षांची मुलगी गाते आहे. ती झरसांगा. जन्म 1946चा. तिने शाळा पाहिलेली नाही, पुढेही पाहणार नाही. तिचा आवाज ऐकताना पहिल्यांदा जाणवतं ते अंतर. ती तिकडे, दिसत नाही एवढ्या लांब, आणि आवाज थेट तुमच्या कानाशी. घरात शिकलेल्या गळ्याला भिंतींची सवय असते, तो भिंत येते तिथे वळतो. या गळ्याला वळायचं कारणच पडलेलं नाही. तो छातीतून उठतो, वर जाताना धारदार होतो आणि वाऱ्यावर स्वार होऊन पुढे निघून जातो. पुढे कितीतरी लोक या आवाजाला डोंगराचा आवाज म्हणतील. मला तो मोकळ्या माळाचा वाटतो, कारण डोंगर आवाज परत देतो आणि माळ काहीच परत देत नाही.

ती गाते आहे तो टप्पा. शोरी मियाँचा, तानांच्या गोफाचा हिंदुस्तानी टप्पा मनातून काढून टाका, त्याचा इथे संबंध नाही. पश्तो टप्पा म्हणजे दोन ओळी. पहिलीत नऊ अक्षरं, दुसरीत तेरा. यमकाचा हट्ट नाही, शेवट ‘मा’ किंवा ‘ना’ या नादावर व्हावा एवढाच नेम. अफगाणिस्तानात याच दोन ओळींना लंडई म्हणतात. हजारो टप्पे लोकांच्या तोंडी आहेत आणि बहुतेकांच्या मागे नाव नाही. बोलणारी मात्र बहुधा बाई असते. जात्यावरची ओवी ज्यांनी घरात ऐकली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

हे टप्पे जन्मतात कुठे ते पाहायचं तर दुपार कलल्यावर बायकांच्या मागून गुदरवर चला. गुदर म्हणजे पाणवठा. पश्तून मुलुखात बाईला घराबाहेर पडायला जी थोडी कारणं असतात त्यातलं हे एक. तुम्ही जरा लांबच थांबा, पुरुष असाल तर पाठ फिरवून थांबा. एक जण दोन ओळी टाकते, दुसरी तिला उत्तर देते, तिसरी त्यातला एक शब्द बदलून सगळ्यांना हसवते. म्हाताऱ्याशी लावून दिलेलं लग्न, दिराचा जाच, रात्री भिंतीवरून येणारा प्रियकर, लढाईत पाठ दाखवणाऱ्या पुरुषाला घातलेली शरम, असं काय काय त्यात असतं. 1880 साली मैवंदच्या रणात मागे हटणाऱ्या पठाणांना मलालई नावाच्या मुलीने टप्पा म्हणूनच परत फिरवलं, अशी आख्यायिका आहे. आणि कितीतरी टप्पे परदेशी गेलेल्या माणसासाठी आहेत. मुंबईत पेढ्यांच्या दाराशी रात्रभर जागणारा, व्याजाचे पैसे वसूल करत फिरणारा जो उंच पठाण आपल्या आजोबांनी पाहिला, त्याच्या मागे गावात राहिलेली बायको गुदरवर काय म्हणत होती हे आपल्यापैकी कुणी ऐकलं नाही. ते इथे चाललं आहे.

हे सगळं बायकांनी बायकांत म्हणायचं. तिन्हीसांजेला घागरी उचलल्या की संपलं.

आता सात वर्षं पुढे या. 1965. झरसांगाचं लग्न झालं आहे, नवरा सराय नौरंगचा मुल्लाजान. त्याने बायकोचं गाणं थांबवलं नाही, आणि त्या मुलखात ही गोष्ट साधी नव्हती. लग्नघरी मुली तंबल नावाचा डफ वाजवून गातात त्याला कुणाची हरकत नसते. पण बिदागी घेऊन, परक्या पुरुषांसमोर गाणं हे डुम म्हटल्या जाणाऱ्या पिढीजात वाजंत्र्यांचं काम. खानाला त्यांच्याशिवाय लग्न करवत नाही आणि त्यांच्याशी सोयरीकही करवत नाही. गाणं सर्वांना हवं, गाणाऱ्याचं घर कुणाला नको, हा हिशेब आपल्याकडेही अपरिचित नाही. झरसांगा या वाजंत्र्यांच्या घरातली नव्हती आणि इज्जतदार वाड्यातलीही नव्हती. ती तंबूतून आली होती. दोन्ही कुंपणांच्या बाहेर असल्यामुळेच तिला फट सापडली, असं मला वाटतं.

ती फट म्हणजे पेशावर रेडिओ. केंद्र जुनं, 1935चं. त्याच्या प्रसारण यंत्राची कथा अशी की लंडनच्या गोलमेज परिषदेला गेलेल्या साहेबजादा अब्दुल कय्यूम यांना मार्कोनीच्या कंपनीने ते देऊ केलं. सरहद्दीच्या खेड्यांत लोकांना एकत्र बसवून रेडिओ ऐकवायचा, असा त्यामागचा बेत. 1947च्या ऑगस्टमध्ये मध्यरात्री नव्या देशाची घोषणा इथूनही झाली.

स्टुडिओत शिरा, चपला बाहेर काढून. भिंतींना जाड अस्तर आहे. दार लागलं की रस्त्यावरचे टांगे, फेरीवाले, अजान, सगळं एकदम बंद होतं. माळावर वाढलेल्या माणसाला ही शांतता कशी वाटत असेल याचा विचार करा, वारासुद्धा नाही. गालिच्यावर रबाबवाला बसला आहे. तुतीच्या एका ओंडक्यातून कोरलेलं, बकऱ्याच्या कातड्याने मढवलेलं ते वाद्य. मुख्य तारांच्या खाली तरफेच्या तारा आहेत. वरची तार छेडली की खालच्या आपोआप कण्हतात. बाजूला तबला, हार्मोनियम. काचेपलीकडे निर्माता. सही करता न येणाऱ्या कलाकारांसाठी टेबलावर शाईचा पॅड ठेवलेला आहे.

लाल दिवा लागतो. पहिल्याच आलापाला काचेपलीकडची सुई उडून पलीकडच्या टोकाला आपटते, आणि तंत्रज्ञ झरसांगाला माइकपासून मागे, आणखी मागे सरकायची खूण करतो. मैलभर पोचायची सवय असलेला गळा, आणि समोर वीतभर अंतरावर लोखंडी कान. हे जमवायला तिला किती वेळ लागला असेल? पण जमलं, आणि आवाजाची धार न घालवता जमलं. गुलनार बेगम, किश्वर सुलतान, खयाल मुहम्मद, अहमद खान ही तेव्हा पश्तो गाण्यातली मोठी नावं होती. त्यांच्या गायकीला मैफिलीचं, गझलेचं पॉलिश होतं. झरसांगाने ते घेतलं नाही. गायिका रेशमा आपल्याला माहीत आहे. तीही बंजाऱ्यांतली, तिलाही सेहवानच्या दर्ग्यात ऐकून रेडिओने आणलं, आणि तिच्या गळ्यातला खडबडीतपणा कुणी तासून काढला नाही हे आपलं नशीब. पश्तोत तसंच घडलं.

ध्वनिमुद्रण संपलं, लाल दिवा विझला. पण खरी गोष्ट स्टुडिओत घडलेली नाही. ती पाहायला मर्दानजवळच्या कुठल्याही गावात, एखाद्या हुजऱ्यात संध्याकाळी जाऊन बसा.

हुजरा म्हणजे गावाची पुरुषांची बैठक. चारी बाजूंनी बाजा मांडलेल्या, मधे चिलीम. पाहुणा इथे उतरतो, भांडणं इथे मिटतात, लग्नं इथे ठरतात. रात्री रबाब निघतो आणि मंगय, म्हणजे तोंडावर रबर ताणून बांधलेला मातीचा घडा, ताल धरतो. बाई इथे पाऊल टाकत नाही. गावातल्या निम्म्या माणसांनी या अंगणातला अंधार कधी पाहिलेलाही नसतो. टप्पे मात्र इथेही गातात, पुरुष गातात, बाईने रचलेले, बाईच्या तोंडचे. बाईचे शब्द पुरुषाच्या गळ्यातून. पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलं.

आज कोनाड्यात ट्रान्झिस्टर आहे. खरखर होते, निवेदक नाव सांगतो, आणि ती सुरू होते.

तुम्ही त्या माणसांचे चेहरे पाहा. पांढरी दाढीवाला चिलमीची नळी तोंडापाशी नेऊन तशीच धरून ठेवतो. पोरं भिंतीला टेकलेली सरळ होतात. जे दोन चरण त्यांनी शंभर वेळा स्वतः म्हटले आहेत, ते आज जिने म्हणायला हवे होते तिच्याच जातीचा आवाज म्हणतो आहे. ‘मी’ म्हणताना ती खरंच ‘मी’ म्हणते. कुणी उठून रेडिओ बंद करत नाही. आणि भिंतीपलीकडे, घराच्या अंगणात, पिठाचे हात तसेच ठेवून बायका ऐकताहेत. हुजऱ्यातला रेडिओ मोठ्याने लावलेला असतो, त्यामुळे त्यांनाही मिळतो. एकच गाणं भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी पोचलं आहे. एका बाजूला ते ऐकणारा मालक आहे, दुसऱ्या बाजूला कदाचित त्यातली तक्रार जिची आहे ती.

झरसांगाचं मोठेपण तिच्या गळ्याच्या ताकदीत आहे असं म्हणतात. आहेच. पण माझ्या लेखी ते या अंगणात आहे. जिथे तिचा देह कधी येऊ शकला नसता तिथे ती रोज रात्री येऊन बसली, आणि कुणाला ते फार उशिरापर्यंत कळलंही नाही.

इथून वर्षं भराभर जाऊ द्या. ट्रान्झिस्टर जाऊन कॅसेट येतात. ट्रकवाल्यांच्या टपात, चहाच्या हॉटेलांत तिचा आवाज. 1979मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात घुसतात, तीस लाखांहून अधिक निर्वासित पाकिस्तानात येतात, पेशावरच्या भोवती तंबूंची शहरं उठतात, आणि जे टप्पे प्रवासाला गेलेल्या नवऱ्यासाठी होते ते आता सुटलेल्या गावासाठी म्हटले जातात. शब्द तेच. फ्रान्समधून बोलावणं येतं. पॅरिसच्या मंचावर प्रेक्षकांना एक अक्षर कळत नाही, टाळ्या मात्र थांबत नाहीत. 1990च्या दशकात तिथे तिची सीडी निघते. युरोप-अमेरिकेचे दौरे होतात. पाकिस्तान सरकारचा प्राइड ऑफ परफॉर्मन्स हा सन्मान मिळतो. लोक तिला पश्तो लोकसंगीताची राणी म्हणू लागतात.

राणीला राहायला घर मात्र धड नव्हतं, ते पुढे येईल.

2002च्या हिवाळ्यात पेशावरच्या डबगरी बाजारात उभे राहा. जिन्यांच्या तोंडाशी पाट्या आहेत, उस्ताद अमुक, पार्टी तमुक, लग्नकार्यासाठी भेटा. वरच्या माळ्यावरच्या खोल्यांना बालाखाना म्हणतात. तबले लावल्याचे, रबाब जुळवल्याचे आवाज खालच्या गल्लीत पडत असतात. ऑक्टोबरच्या निवडणुकीत मुत्तहिदा मजलिस-ए-अमल ही धार्मिक पक्षांची आघाडी प्रांतात सत्तेवर आली आहे. सार्वजनिक गाण्याबजावण्यावर बंदी येते. शहराचं एकमेव मोठं नाट्यगृह, निश्तर हॉल, संगीताला बंद होतं. डबगरीत पोलीस येतात. पाट्या उतरतात. वाजवणारे खोल्या सोडून पांगतात. कुणी दुबई गाठतं, कुणी भाजीची गाडी लावतं. पिढ्यांचं एक बिऱ्हाड अशा रीतीने मोडलं, आणि त्याची बातमी आपल्याकडे चार ओळींचीही झाली नाही.

मग नुसत्या बंदीवर भागेना. कॅसेट-सीडीच्या दुकानांत स्फोट होऊ लागले. स्वातमध्ये मिंगोऱ्याच्या बंड मोहल्ल्यातल्या शबाना या नर्तकीला जानेवारी 2009मध्ये घरातून ओढून नेऊन ठार केलं आणि प्रेत चौकात टाकलं. एप्रिलमध्ये पेशावरात अयमन उदास या गायिकेचा खून झाला. स्वातमधूनच जीव वाचवून पेशावरला आलेली गझाला जावेद, चोवीस वर्षांची, तेव्हाच्या पश्तो तरुणांचा लाडका आवाज, जून 2012मध्ये रस्त्यात वडिलांसकट गोळ्यांना बळी पडली. शबानाला तालिबानने मारलं. बाकी दोघींच्या खुनात संशय घरच्या माणसांवर गेला. कारण वेगळं, पण बाईने गावं की नाही हे ठरवायचा हक्क आपला, हे मारणाऱ्यांचं गृहीत तेच असावं. मी ही नावं इथे लिहितो कारण झरसांगाची गोष्ट एकटी सांगितली तर ती चमत्काराची होते. जगल्या-वाचल्यांची गोष्ट सांगताना बाकीच्यांनाही सोबत घेतलं पाहिजे.

दोन वर्षं मागे या. 2010, जुलै संपता संपता. नौशेऱ्याला काबूल नदीचं पाणी रस्त्यावर आलं आहे. तपकिरी, जड, म्हशी आणि छपरं वाहून नेणारं. त्या पुरात पाकिस्तानचा पाचवा हिस्सा पाण्याखाली गेला, सुमारे दोन कोटी लोकांना फटका बसला, दोन हजारांच्या आसपास माणसं दगावली. झरसांगाचं नौशेऱ्यातलं घर गेलं. चौसष्टाव्या वर्षी ती पुन्हा तंबूत आली आहे. पण नीट पाहा, हा तो तंबू नाही. लहानपणी तंबू सोबत चालायचा, उन्हाळा आला की डोंगराकडे न्यायचा. हा मदतीत मिळालेला, एका जागी खिळलेला, दुपारी आतून भाजून काढणारा. भटकणं आणि बेघर होणं यातला फरक कुणाला समजावून घ्यायचा असेल तर त्याने इथे अर्धा तास बसावं. पत्रकार येतात, फोटो काढतात, राणीची दैना अशा मथळ्याने छापतात. मदतीची आश्वासनं मिळतात. मुलं साथीला बसतात, कुठून बोलावणं आलं तर ती गायला जाते. दुसरं तिला काय येत होतं? आणि इतकं नीट येत असताना दुसरं यावं तरी का?

आता मे 2023. इम्रान खान यांच्या अटकेनंतर पाकिस्तानभर लोक रस्त्यावर आले आहेत. पेशावरात जमाव रेडिओ केंद्रात घुसतो आणि इमारतीला आग लावतो. दुसऱ्या दिवशी तुम्ही आत पाऊल टाकता तेव्हा बुटाखाली काच कुरकुरते. छताचे पत्रे वाकले आहेत, कपाटं आतून काळी आहेत. चुंबकीय फीत जळते तेव्हा तिची राखही होत नाही, वितळून चिकट गोळा होतो. अनेक दशकांच्या ध्वनिमुद्रणांचा संग्रह या इमारतीत होता. लोकांनी रागाच्या भरात सरकारचं म्हणून जे पेटवलं त्यात त्यांच्याच आज्यांनी रचलेल्या ओळी होत्या. माझा या आगीवरचा राग अजून गेलेला नाही.

शेवटी एकदा परत लक्की मरवतला जा. वर्ष हेच, आत्ताचं. एका घरात लग्न आहे. मागच्या अंगणात मुली जमल्या आहेत, तंबल वाजतो आहे. टप्पा कुठेही गेलेला नाही. गेल्या काही वर्षांत त्यात ड्रोन आले, फेसबुक आलं, मोबाइलवर अडलेला निरोप आला. अक्षरं नऊ आणि तेराच. एक मुलगी नवा टप्पा टाकते, तिने तो दुपारीच रचला आहे. बाकीच्या ओरडून दाद देतात. शहरातून आलेली मावसबहीण फोन उचलून रेकॉर्डिंग सुरू करते. रचणारी लगेच तोंडावर ओढणी घेते आणि म्हणते, ‘बाजी, ते बंद कर. माझा आवाज लाला ओळखेल.’ लाला म्हणजे भाऊ. मावसबहीण फोन खाली ठेवते. मग एक पोक्त बाई पुढे होते, झरसांगाचं एक जुनं गाणं उचलते, आणि सगळ्या जणी भिंतीपलीकडे हुजऱ्यात ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ते म्हणू लागतात. त्या गाण्याला कुणी अडवत नाही.